परतीचा साठा

दादा त्या यंत्रांना कासवं म्हणायचा. कार्यालयाच्या कागदांवर त्यांचं नाव लांबलचक होतं, पण दोन महिन्यांत मोठे साहेबसुद्धा बैठकीत कासवं म्हणायला लागले. दिसायचीही तशीच. परातीएवढी पाठ, खाली दोन रुंद पट्टे, पोटातून चिखलात खुपसायची एक सळई आणि पाठीवर हातभर उंचीची काठी. त्या काठीतून ती एकमेकांशी बोलायची.

आमच्या वस्तीसमोर, बंधाऱ्याच्या पलीकडे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. तिथे अशी चाळीस कासवं पसरलेली होती. पाणी किती चढलं, गाळ कुठून कुठे सरकला, हे त्यांनी बघायचं आणि शेजारच्याला सांगायचं. त्याने पुढच्याला सांगायचं, आणि असं करत निरोप बंधाऱ्यावरच्या मनोऱ्यापर्यंत पोचायचा. बंधाऱ्यामागची घरं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, त्यामुळे हा निरोप वेळेवर येणं फार महत्त्वाचं.

कासवांना चिखलात सोडायचं, बसवायचं, बिघडलं तर उचलून आणायचं, हे काम दादाचं. तो लहानपणापासून त्या चिखलात वावरलेला. आधी शिंपले वेचायचा. पायाखालचा गाळ कुठे धरतो आणि कुठे गिळतो, हे त्याला चपलेच्या आवाजावरून कळायचं. कासवांनी कुठे उभं राहायचं, कोणी कधी सरकायचं, हे ठरवायचं काम माझं. भावाने चिखल तुडवायचा आणि बहिणीने खुर्चीत बसून त्याला कुठे जायचं ते सांगायचं, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा. वर म्हणायचा, लहानपणी हिने सोडले नव्हते तेवढे हुकूम आता पगार घेऊन सोडते.

माझं सगळं काम म्हणजे बॅटरी पुरवून वापरणं. कासवाला बघायला वीज थोडी लागते, बोलायला त्याहून जास्त, आणि चालायला सगळ्यात जास्त. चिखलात वीस पावलं सरकण्यात त्याचं दिवसभराचं बोलणं खर्च होतं. आणि न सरकून चालत नाही, कारण दर भरतीला गाळ हलतो, एखादं बुजतं, मध्ये भोक पडतं आणि तिथून निरोप तुटतो. मग ते भोक कोणी भरायचं? एकानेच लांबून यायचं तर तो तिथे पोचेपर्यंत अर्धमेला होणार. त्यापेक्षा दहा जणांनी थोडं थोडं सरकायचं. असा नियम मी कासवांच्या पोटात घातला होता, आणि तो चांगला चालत होता. दादाला तो फार आवडला होता. आपल्या नातेवाइकांच्या पोटातही घालता आला तर बघ, म्हणाला.

आणखी एक नियम पहिल्यापासून होता, तो परतीचा. बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की कासवाने काम सोडायचं, वळायचं आणि बंधाऱ्याच्या उतारावर येऊन स्वतःच चार्जरला लागायचं. हा जो तिसरा हिस्सा, त्याला आम्ही परतीचा साठा म्हणायचो. त्याला हात लावायचा नाही.

दादाने या नियमातून स्वतःची एक सोय काढली होती. खाडीवर धुकं उतरलं की चार पावलांपलीकडचं दिसत नाही. मनोऱ्यावरून भोंगा वाजवतात, पण धुक्यात भोंगा चारही बाजूंनी आल्यासारखा वाटतो. मग दादा जवळच्या कासवाजवळ जायचा, त्याची बॅटरी थोडी उतरवायची कळ दाबायचा, आणि ते घरी निघालं की त्याच्या पाठीला दोरी बांधून मागे चालायचा. चार वेळा तो असा परत आला होता. मी एकदा म्हटलं, दादा, एक होकायंत्र घेऊन जात जा. तर म्हणाला, "छोटे, ते कासवाच्या पोटात आहे ना. वर आणखी ते बायकोसारखं बोलत नाही, नुसतं घरी नेतं."

वहिनी तिथेच होत्या. त्यांनी लाटणं उगारलं आणि आम्ही तिघंही हसलो. मला ती गंमत वाटली होती. कामाची गोष्ट म्हणून मी ती मनात ठेवली नाही.

वादळाचे महिने यायच्या आधी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. बाहेरची रांग, म्हणजे समुद्राच्या अंगाची चौदा कासवं, दर एकोणीस दिवसांनी चार्जरवर परत येतात आणि ती भरून परत जाईपर्यंत तिथे कोणी नसतं. हे दिवस वाढवता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी आठवडाभर आकडे मांडत बसले. इकडून तिकडून एक दिवस, दीड दिवस निघत होता. मग माझ्या लक्षात आलं, की तिसरा हिस्सा तर नुसता घरी येण्यासाठी राखून ठेवलेला आहे. बाहेरच्या रांगेने परत यायचंच नाही असं ठरवलं तर? शेवटच्या थेंबापर्यंत तिथेच राहायचं, आणि संपलं की ओहोटीला दादाने घसरगाडीवर घालून आणायचं. एकोणीसचे अठ्ठावीस दिवस झाले.

साहेब खूश झाले. माझ्या अहवालात एक रकाना होता, 'परतीचा खर्च'. तिथे मी शून्य लिहिलं.

आणि मग मी एक काम केलं, ज्याला माझ्या धंद्यात नीटनेटकेपणा म्हणतात. साठाच ठेवायचा नाही तर वाट तरी कशाला ठेवायची, म्हणून त्या चौदा कासवांच्या पोटातून परतीचा सगळा भागच काढून टाकला. आता त्यांना एकच माहीत होतं: अंगात जीव असेल तर भोक शोधायचं आणि ते भरायचं.

दादाला मी सांगितलं, की बाहेरची आता परत येणार नाहीत, तूच आणायचीस. तो म्हणाला, म्हणजे बिचारी उपाशी पडणार, चालायची ताकद राहणार नाही, असंच ना? माझ्या हातात दुसरं काम होतं. मी म्हटलं, "हो, तसंच."

तसं नव्हतं. ताकद नसणं वेगळं आणि वाट ठाऊक नसणं वेगळं. पण तेवढं समजावत कोण बसणार, असं मला त्या क्षणी वाटलं. पुढचे तीन महिने वादळी वाऱ्याचे होते. धुकं पडलं नाही.

धुकं पडलं त्या सकाळी दादा साडेसहाला चिखलात उतरला होता. बाहेरच्या रांगेतल्या सतरा नंबरच्या कासवाचं बोलणं आदल्या संध्याकाळी बंद झालं होतं, ते आणायला. पाऊण तासाने समुद्राकडून धुकं आलं. आठ वाजता मनोऱ्यावरच्या माणसाने रेडिओवर हाका मारल्या, भोंगा वाजवला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या ओहोटीला दादा सापडला, बाहेरच्या रांगेच्याही पुढे, जिथे जायचं त्याला काहीच कारण नव्हतं. सतरा नंबर सापडलंच नाही. रेडिओ दादाच्या कमरेच्या पिशवीत होता. त्यात बॅटरी नव्हती.

चौकशी झाली. बॅटरीविना रेडिओ घेऊन, एकट्याने, धुक्याच्या दिवसांत खोल गेल्यामुळे मृत्यू. मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा. एवढी दोन ओळींची चौकशी.

त्या दोन ओळींनी वहिनींचं काय केलं, ते मी वर्षभर बघत होते. त्याचं कारण त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. गळक्या छपरावरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. दादा निघाला तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, त्या चिखलातच राहा मग. कार्यालयाने एक रेडिओ घरीही दिलेला होता, आणि वहिनी त्यावरून दिवसातून चारदा विचारायच्या, कुठे आहात, कधी येता. मागे एकदा असंच भांडण झालं तेव्हा दादाने जाताना रेडिओची बॅटरी काढून फळीवर ठेवली होती, वहिनींची हाक नको म्हणून. या वेळीही त्याने तेच केलं, असं वहिनींनी धरून ठेवलं होतं. माझा आवाज नको होता ह्यांना, म्हणायच्या.

आणि त्या घरात ती बॅटरी शोधायच्या. फळीवर, गादीखाली, शिवणयंत्राच्या खणात, पिठाच्या डब्यात हात घालून. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. ताटं वाढता वाढता त्या उठायच्या आणि कपाटावरची एखादी पेटी खाली काढायच्या. बाहेरून घर लख्ख दिसायचं. माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं, की ती साफसफाई नव्हती.

सतरा नंबर सापडलं ते या वर्षीच्या वादळानंतर. बंधाऱ्याच्या मोरीपाशी गाळ उपसणाऱ्यांना फावड्याला लागलं. पोत्यात घालून त्यांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पाठीवर शिंपले बसले होते, एक पट्टा तुटला होता. मी ब्रशने चिखल काढला, खालचे स्क्रू काढले. कासवाची बॅटरी तिच्या जागी होती. तिच्या शेजारी, दोन तारा पिळून जोडलेली, दुसरी एक छोटी बॅटरी होती. रेडिओची. तिच्या कोपऱ्यावर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका होता. घरच्या आणि दादाच्या बॅटऱ्या बदलू नयेत म्हणून वहिनींनी तो लावला होता.

मी दार आतून लावून घेतलं आणि कासवाच्या पोटातली नोंद वाचायला बसले. त्यात शब्द नसतात. कोणत्या मिनिटाला किती वीज आली आणि किती गेली, एवढंच असतं. पण माझं आयुष्य ते वाचण्यातच गेलंय.

सात चव्वेचाळीसला बाहेरची वीज जोडली गेली. सात सत्तेचाळीसला कासव जागं झालं. दादाने धुक्यात तेच केलं होतं, जे तो नेहमी करायचा. जवळ एकच कासव होतं, ते उपाशी होतं, म्हणून त्याने आपल्या रेडिओची बॅटरी त्याला घातली. बोलून वाट दिसत नाही, पण कासव घरी नेतं. सात एकोणपन्नासला कासव चालायला लागलं. चालताना मोटर नेहमीपेक्षा किंचित जास्त वीज घेत होती. अगदी किंचित, पण सतत, एकसारखी. मागे दोरी बांधलेली होती आणि ती कोणीतरी हातात सैल धरली होती.

कासव वळलं नाही. बाहेरच्या रांगेत त्याला एक भोक दिसलं आणि ते तिकडे, समुद्राकडे निघालं. मी त्याला तेवढंच शिकवलं होतं. एक तास अकरा मिनिटं ते चाललं, आणि एक तास अकरा मिनिटं ती दोरी त्याच्या मागे होती.

नऊ वाजता मोटरवरचा ताण एकदम वाढला. कोणीतरी दोरी मागे ओढत होतं. तीन वेळा ओढली. मग दोरीचा ताण शून्य झाला, आणि कासव हलकं होऊन आणखी थोडं पुढे गेलं, आपल्या जागी पोचलं, सळई चिखलात खुपसली आणि बघायला लागलं.

मी रोज सकाळी प्रार्थनेनंतर हातात पाणी घेऊन एक नेम करते: आज खोटं बोलणार नाही. जन्मभराचं वचन द्यायची माझी ताकद नाही, म्हणून एकेका दिवसाचं देते. आई शिकवून गेली तेव्हापासून चुकलेलं नाही. सतरा नंबर उघडल्यावर अकरा दिवस मी ते पाणी तसंच हातात घेत होते आणि कार्यालयात जाऊन खणात ती बॅटरी आहे ना, हे बघत होते. खोटं मी कोणाशीच बोलत नव्हते. कोणी विचारतच नव्हतं. मधल्या रविवारी वहिनींकडे जेवलेसुद्धा. त्या डाळीच्या डब्यात हात घालून चाचपडत होत्या आणि मी मान खाली घालून घास गिळत होते.

बाराव्या दिवशी पाणी हातातच राहिलं. शब्द तोंडातून निघेनात. ते पाणी मी कुंडीत ओतलं, खणातून बॅटरी घेतली आणि रविवार नसताना वहिनींकडे गेले.

वहिनी पायपुसणं झटकत होत्या. अवेळी आलेली बघून म्हणाल्या, वन्सं, आज कशा वाट चुकलात? मी बसले नाही. रुमाल उघडून बॅटरी त्यांच्या पुढे धरली.

त्यांनी आधी ठिपका बघितला. मग त्यावरून अंगठा फिरवला. विचारलं, कुठल्या डब्यात होती?

डब्यात नव्हती, मी म्हटलं, आणि सुरुवातीपासून सांगितलं. काही गाळलं नाही. एकोणीसचे अठ्ठावीस कसे झाले ते सांगितलं, शून्य लिहिलं ते सांगितलं. दादाने विचारलं होतं आणि मी "हो, तसंच" म्हटलं होतं, तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज कार्यालयात अहवाल वाचते तसा येत होता. दुसरा येत नव्हता.

वहिनी खाली बसल्या. पायपुसणं मांडीवर तसंच होतं.

"म्हणजे ह्यांनी माझ्यामुळे रेडिओ बंद केला नव्हता."

"नाही, वहिनी. घरी यायला म्हणून काढली."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे असे खाली आले, जसं कोणी डोक्यावरचा हंडा उतरवून घेतो. तेवढा एक क्षण मला वाटलं, देवाने मला याच्याचसाठी इथे आणलं असेल. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"त्याच्या मागे चालताना ह्यांना वाटत होतं, की घरी निघालोय?"

"हो."

"कधीपर्यंत?"

मी सांगितलं, नऊ वाजेपर्यंत.

"आणि मग कळलं?"

इथे मला थांबता आलं असतं. एवढं एक कोणालाच माहीत नव्हतं, नोंद फक्त मला वाचता येते. सकाळी नेम केलेला नव्हता, म्हणजे तोही मोडला नसता.

"हो," मी म्हटलं. "दोरी ओढली त्याने. तीन वेळा. मग सोडून दिली."

स्वयंपाकघरातल्या नळातून थेंब पडत होते. वहिनींनी पायपुसण्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"वन्सं, तुम्ही आता जा," त्या म्हणाल्या. आवाज कडू नव्हता, दमलेला होता. "आणि या रविवारी येऊ नका. पुढच्याही नको. मला वाटेल तेव्हा मी बोलावीन."

दाराशी मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी परत हाक मारली. मी वळले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ही बॅटरी ठेवून घेतली तर चालेल का, का कार्यालयाला परत द्यावी लागते. मी म्हटलं, ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांपुढे सगळं लिहून ठेवलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, चौकशी बंद झालेली आहे, तुम्ही आपल्या हाताने हे लिहून देताय, घरी जाऊन एकदा विचार करा. विचार करून अकरा दिवस झाले, मी म्हटलं. त्यांनी कागद ठेवून घेतला. माझ्यावर काय ते नंतर ठरेल. अजून ठरलेलं नाही. पण महिन्याभरात दादाच्या कागदावरून 'निष्काळजीपणा' हा शब्द काढला गेला. तो नवा कागद घ्यायला वहिनी स्वतः आल्या होत्या, असं शिपायाने सांगितलं. माझ्या खोलीवरून जिना उतरून गेल्या. त्या दिवशी मी जागेवरच होते.

चौदाही कासवांच्या पोटात मी परतीची वाट पुन्हा घातली. अठ्ठावीसचे परत एकोणीस दिवस झाले. बाहेरची रांग आता पूर्वीसारखी अधूनमधून रिकामी राहते आणि साहेबांना ते वर समजावून सांगावं लागतं. अहवालात 'परतीचा खर्च' या रकान्यात मी 'एक तृतीयांश' लिहिते. कोणी विचारलं तर कारण सांगते. सकाळचं पाणी आता हातात थांबत नाही, पण वाक्य मी एकाने वाढवलंय: आज खोटं बोलणार नाही, आणि विचारलं नाही तरी सांगेन.

वहिनींचं बोलावणं आलेलं नाही. सात रविवार झाले. रविवारी मी घरी एकटीपुरतं करते आणि लवकर आवरून बंधाऱ्यावर जाते.

गेल्या रविवारी सकाळी धुकं होतं. उताराच्या खाली काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. वेळापत्रकाप्रमाणे चार नंबर यायचं होतं. आधी पट्ट्यांचा चिखलातला चपचप आवाज आला. मग काठीचं टोक दिसलं, मग पाठ. चिखलाने माखलेलं, हळूहळू उतार चढून ते वर आलं आणि चार्जरपाशी थांबलं. दिवा हिरवा लुकलुकायला लागला.

ते आलं होतं त्या बाजूला मी बघत राहिले. त्याच्या पट्ट्यांच्या दोन रेषा उतारावरून खाली धुक्यात गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागे कोणी नव्हतं. तरी दिवा पूर्ण हिरवा होईपर्यंत मी तिथेच उभी होते.